शेवटच्या फेरीसाठी राखलेली

सेंगकांग, सिंगापूर, सोमवार, ३ मार्च २०२५

ताई,

नमस्काराचा भाग सोडून देते. तो घालण्याच्या मनःस्थितीत मी नाही. कागदावर लिहितेय, कारण फोनवर मला रडू येतं आणि व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा पाठवतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

काल हॉलमध्ये जे झालं ते तू घरी जाऊन भावोजींना कसं सांगितलं असशील, हे मला इथे बसून ऐकू येतंय. "नीता उगाच फुगलीय." म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी मला खोटं पाडायला नको.

आपल्या मराठी बायकांच्या फुटबॉल लीगमध्ये यंदा पहिल्यांदाच ड्राफ्ट. दरवर्षी त्याच दोन टीम जिंकतात म्हणून कमिटीने सगळ्या टीम मोडल्या. सहा कप्तान ठेवल्या, बाकी चोपन्न जणींची नावं फळ्यावर लिहिली आणि कप्तानांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं ठरलं. नऊ फेऱ्या. नाव उचललं की कमिटीचे श्रीनिवास त्यावर लाल रेघ मारणार. त्या फळ्याकडे बघत चोपन्न बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या. चाळिशी उलटली तरी नजर आपल्याच नावावरून हलत नाही गं, तुला नसेल कळत. तू कायम उचलणारी.

चार वर्षं मी तुझ्या टीमच्या गोलमध्ये उभी आहे. दोन्ही गुडघे सोलून घेतले, एक दात हलवून घेतला. पहिली चिठ्ठी तुझी निघाली आणि तू वल्लरीचं नाव घेतलंस. ठीक. ती चोवीस वर्षांची, युनिव्हर्सिटीच्या टीममधून खेळते, तिच्यापुढे मी कोण? दुसऱ्या फेरीत लता. तीही फॉरवर्ड, पण चालेल, मी गिळलं. तिसऱ्या फेरीत कुणाचं नाव घेतलंस? तुझ्या कॉन्डो सोसायटीतली ती नवी मुलगी, जिला डावा पाय आहे हे अजून तिचं तिलाच कळलेलं नाही! पळते मात्र छान. त्यानंतर मधुवंतीची पाळी आली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नीता."

"अगं, ती आमची आहे!" तू ओरडलीस.

"नाव घेतलंत का तुम्ही तिचं?"

"घेणारच होते."

"कधी?"

आणि तू सगळ्यांसमोर, अगदी सहज, म्हणालीस, "शेवटी."

अख्खा हॉल हसला. मीही हसले, कारण न हसून काय करणार? श्रीनिवासांनी लाल रेघ मारली.

तुझं तत्त्व मला पाठ आहे. फळ्यावर जी सगळ्यात चांगली शिल्लक असेल ती आधी उचलायची, टीममध्ये कुठली जागा रिकामी आहे ते मागाहून बघायचं. जागा काय, भरता येते. वा! चार सुगरणी गोळा करायच्या आणि भांडी कोण घासणार ते पंगत उठल्यावर ठरवायचं. भांडी घासणारी घरचीच असते ना! ती कुठे जाते?

अवनी तर रात्री जेवताना म्हणाली, "आई, मावशी थिंक यू फ्री गिफ्ट, ला!" चौदा वर्षांच्या पोरीला कळलं ते तुला कळलं नाही.

मला यातलं आधी काही माहीत नव्हतं. मधुवंती माझं नाव घेईल असं तर मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तुझी (यंदा मधुवंतीची),
नीता


सेंगकांग, सोमवार, १० मार्च

ताई,

पत्राला उत्तर नाही. उत्तराऐवजी भावोजी आले, तेही करी पफचा डबा घेऊन. बिचारे सोफ्याच्या कडेवर बसले होते, जणू स्थळ घेऊन आलेत. पाणी प्यायले, अवनीचा अभ्यास विचारला आणि मग खिशातून कागद काढला.

अदलाबदलीचा अर्ज. दोन कप्तानांच्या सह्या आणि ज्यांची अदलाबदल व्हायची त्या दोघींच्या. मुदत शुक्रवार, एकवीस तारीख. तुझी सही झालेली. मधुवंतीच्या टीमला देणार वल्लरी, तिच्याकडून घेणार नीता.

वल्लरी! लीगमधली सगळ्यात चांगली खेळाडू, जी तू पहिल्या चिठ्ठीवर उचललीस! आठ दिवसांपूर्वी मी तुला शेवटच्या फेरीत फुकट मिळणार होते आणि आज माझ्या बदल्यात वल्लरी? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा. वल्लरीने मुकाट सही केलीय, ती पोर तुला घाबरते. मधुवंती मला म्हणाली, "वल्लरी आली तर मला आवडेलच, खोटं कशाला बोलू? पण मी जबरदस्ती करणार नाही. तू सही केलीस तरच मी करीन." इतकं सरळ माझ्याशी आपल्या घरात कधी कुणी बोललेलं नाही.

मी भावोजींना विचारलं, "ताईने राणीला का नाही घेतलं? ती गोलकीपरच आहे. आठव्या फेरीपर्यंत तिचं नाव फळ्यावर होतं." त्यांनी दोन्ही हात वर केले. "मला फुटबॉलमधलं काही विचारू नकोस, मला फक्त कागद द्यायला सांगितलाय."

कागद मी ठेवून घेतला. सही केलेली नाही.

संध्याकाळी ठाण्याहून आईचा फोन. तू लावून दिलास, हे तिच्या पहिल्या वाक्यात कळलं. "बहिणी-बहिणींत कसला गं मानपान?" मी म्हटलं, आई, मानपान बहिणींतच होत नाही, हीच तर तक्रार आहे. पाहुणी आली की माझी गादी तिला. मामाच्या मुली आल्या की माझा नवा फ्रॉक त्यांना, कारण "तू काय, घरचीच आहेस." खाली खो-खोची टीम पाडायला तू उभी राहिलीस की शेजारच्या इमारतीतल्या मुलींना आधी घ्यायचीस, त्यांना वाईट वाटू नये म्हणून! आणि मला शेवटी, तेही कच्चं लिंबू. मी बाद झाले तरी चालायचं आणि नाही झाले तरी चालायचं. मी असले काय, नसले काय, सारखंच.

आई म्हणाली, "अगं, ती तुला आपली समजते म्हणून."

तीस वर्षं हेच ऐकतेय. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते बरोबर आहे. पण जिथे पिकतं तिथल्या माणसांनी निदान चव तरी बघावी की नाही?

मला इथे नोकरी तू बघून दिलीस, पहिले चार महिने तुझ्या घरात ठेवून घेतलंस, हे मी विसरलेले नाही. त्याची आठवण करून द्यायला भावोजींना पाठवायची गरज नव्हती. करी पफ चांगले होते.

नीता


सेम्बावांगच्या मैदानावरून परतल्यावर, रविवार, १६ मार्च

तू सिंगापूर सोडून चाललीस.

हे मला आज प्रॅक्टिसला कळलं. बूट घालताना. मधुवंती सहज म्हणाली, "अनघाताई गेल्या की पुढच्या वर्षी त्यांच्या टीमचं काय करायचं, कमिटीने ठरवायला हवं." मी म्हटलं, गेल्या म्हणजे कुठे? ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुला माहीत नाही?"

भावोजींच्या कंपनीने इथलं ऑफिस बंद करायचं ठरवलंय. त्यांचा इथे राहायचा पास संपतोय. तुम्ही दोघं या वर्षीच ठाण्याला जाणार. मधुवंतीला माहीत, श्रीनिवासांना माहीत, लताला माहीत. मी मैदानावरच मोजलं, अकरा जणींना माहीत. लिटिल इंडियातल्या तुझ्या दुकानदाराला माहीत, कारण तू आता तांदळाची पाच किलोचीच पिशवी घेतेस आणि त्याने विचारल्यावर तू सांगितलंस! त्या दुकानदाराला, ताई! आणि भावोजी सहा दिवसांपूर्वी माझ्या सोफ्यावर बसून गेले, अवनीची गणिताची परीक्षा विचारून गेले. आईलाही माहीत असणार. आता मी तिला विचारणार नाही.

मला कधी सांगणार होतीस? शेवटी ना? कारण मी घरचीच. घरच्यांना सांगायचं ते राहून जातं, कारण ते असतातच. गरज सरो, वैद्य मरो, असंसुद्धा म्हणता येत नाही, कारण वैद्याला निदान एकदा बोलावलेलं तरी असतं.

मी प्रॅक्टिसमध्ये आज तीन सोपे गोल खाल्ले.  मधुवंतीने खेळ थांबवला, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुला मी का घेतलं सांगू? गोलमधून तू ओरडतेस ना, त्याने पुढच्या तिघी जागच्या जागी राहतात. गेल्या वर्षी आम्ही तुमच्याकडून हरलो ते वल्लरीमुळे नव्हे. तुझ्या आवाजामुळे." चार वर्षं तू मला सांगत आलीस, नीता, जरा हळू ओरड.

आता मला कळतंय की तुला हे वर्ष का जिंकायचंय. तीनदा तुझी टीम दुसरी आली. जाण्याआधी एकदा तरी तो कप तुला हवाय, म्हणून अर्ज, म्हणून भावोजी, म्हणून आई. हे मला सांगितलं असतंस ना, नुसतं सांगितलं असतंस की नीता, मी चाललेय, माझ्या शेवटच्या वर्षी माझ्या गोलमध्ये उभी राहा, तर मी त्या हॉलमध्ये हात जोडून मधुवंतीला म्हटलं असतं, मला घेऊ नकोस.

आता नाही म्हणणार.

नीता


सेंगकांग, शुक्रवार, २१ मार्च

ताई,

आज मुदत संपली. सही केली नाही, हे तुला श्रीनिवासांकडून कळलं असेल. काल तू येऊन गेलीस त्याचंही लिहिते, कारण आज सकाळी भावोजींचा मेसेज आला, "काल तू ताईशी फार भांडलीस म्हणे." मी भांडले नाही. जे झालं ते असं.

चोआ चू कांगपासून सेंगकांगपर्यंत तू आलीस, म्हणजे सवा तासाचा प्रवास. आत आलीस, चप्पल काढलीस, आणि सोफ्यावर माझे वाळलेले कपडे पडले होते त्यांच्या घड्या घालायला बसलीस. मी म्हटलं, राहू दे. तू म्हणालीस, "हात रिकामे कशाला?" कुणाही दुसरीच्या घरी तू असं करशील? मधुवंतीच्या घरी जाऊन तिच्या नवऱ्याच्या बनियनची घडी घालशील?

"अर्ज कुठेय?" तू विचारलंस.

"आहे."

"सही कर. उद्या शेवटचा दिवस."

"मला विचार."

"काय विचारू?"

"हेच. माझ्या टीममधून खेळशील का, असं विचार."

तू अवनीच्या शाळेच्या स्कर्टची घडी घातलीस, उलगडलीस, पुन्हा घातलीस. मग म्हणालीस, "घरच्या माणसाला कुणी असं विचारतं का गं? कसंतरीच वाटतं."

"मग राणीला का घेतलं नाहीस? सात फेऱ्या तिचं नाव समोर होतं."

"ती तुझी जागा होती," तू म्हणालीस. "मी ती रिकामी ठेवली. दुसऱ्या कुणाला तिथे उभं करवेना मला."

"जागा होती ताई. मी नव्हते."

बास. एवढंच बोलणं झालं. आवाज कुणाचाच चढला नाही. तू सगळ्या कपड्यांच्या घड्या संपवल्यास, अगदी मोजे जोडीने लावून ठेवलेस आणि चहा न घेता गेलीस. जाण्याचा विषय तू काढला नाहीस. मीही काढला नाही. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत मी वाट बघितली की आता तरी सांगशील.

आता दुसरं. हे लिहायला मला चार दिवस लागले.

तीन तारखेच्या पत्रात मी लिहिलं की मला आधी काही माहीत नव्हतं. ते खोटं आहे. जानेवारीत मी तिळगूळ घेऊन तुझ्याकडे आले होते. ओट्यापाशी तू मला तुझी वही दाखवलीस, चोपन्न नावं, एकीपुढे एक नंबर. माझ्या नावापुढे नंबरच नव्हता. मी विचारलं तर म्हणालीस, "तू आहेसच शेवटच्या फेरीला. तुला कोण नेतंय?" आणि माझ्या तोंडात लाडू कोंबलास. मी तो लाडू चावत चावत एमआरटीच्या गाडीत बसले. त्याच डब्यात मधुवंती भेटली. इकडचं तिकडचं झाल्यावर मी हसत हसत तिला सांगितलं की ताई मला शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवणार आहे. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की."

मला पुरतं ठाऊक होतं मी काय करतेय. तू विश्वासाने दाखवलेली वही मी दुसऱ्या कप्तानापाशी उघडी केली. त्या दिवशी हॉलमध्ये तू ओरडलीस तेव्हा तुझा चेहरा बघवत नव्हता, आणि तरी मला बरं वाटलं. हे दोन्ही खरं आहे.

म्हणजे फसवलं मी, आणि तीन पत्रं तुलाच झोडपलं. पण ताई, चूक कबूल केली म्हणून राग गेला असं समजू नकोस. तो आहे तिथेच आहे. वहीत चोपन्न नावं होती. त्रेपन्नांना नंबर होता.

नीता


सेंगकांग, बुधवार, ७ मे

ताई,

रविवारची मॅच तुझ्यासमोरच झाली, तरी माझ्या बाजूने कशी दिसली ते लिहिते. त्या बाजूने तू कधी मैदान बघितलेलं नाहीस.

मला वाटलं होतं तू गोलमध्ये कुणातरी नवख्या मुलीला उभं करशील. शिट्टीच्या आधी वर बघितलं तर समोरच्या टोकाला तू. एक्कावन्न वर्षांची, उजव्या गुडघ्याला पट्टा, अंगात माझीच जुनी हिरवी जर्सी, पोटावर ताणलेली. मला इतका संताप आला! तीन फॉरवर्ड, चार पळणाऱ्या, लीगमधली सगळ्यात महागडी फौज आणि मागे ही. कुणी सांगितलं होतं जागा अडवून ठेवायला? कुणी सांगितलं होतं तिथे स्वतः उभं राहायला?

पहिला गोल गेला तेव्हा तू उशिरा वाकलीस. दुसऱ्याला वाकलीसच नाहीस. तिसऱ्याला पडलीस, आणि उठायला वेळ लागला. मधुवंतीने आमच्या पोरींना खूण केली, जरा सांभाळून. मी ओरडले, "सांभाळून नाही, नीट खेळा!" कारण तुला सांभाळून घेतलेलं तुला आवडलं नसतं. वल्लरीने माझ्यावर एक गोल केला, कोपऱ्यात, मला दिसलाही नाही. फार सुंदर होता. पाच-एक.

मॅच संपल्यावर दोन रांगा समोरासमोर चालू लागल्या, हात मिळवत. तू तुझ्या रांगेत शेवटी होतीस. मी माझ्या. आपण भेटलो तोवर बाकीच्या पाण्यापाशी पोचल्या होत्या.

"चारही पत्रं वाचली," तू म्हणालीस. "तू माझी वही फोडलीस."

"हो."

"बरं केलंस. नाहीतर मी तुला शेवटीच घेतलं असतं." तू धापा टाकत होतीस. "पण चूक ती चूक. पुन्हा कुणाचं असं बाहेर सांगू नकोस."

"नाही सांगणार."

मला वाटलं आता तू जाशील. तू गुडघ्याचा पट्टा सैल केलास आणि मैदानाकडे बघत, माझ्याकडे नव्हे, म्हणालीस, "इथे उभं राहून कळलं. फार एकटं वाटतं गं मागे. चार वर्षं तू बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारते. नीता, तू आज माझ्यासारखी म्हातारी समोर बघून एकदा तरी मुद्दाम हळू खेळलीस का?"

"एकदाही नाही."

"हं," म्हणालीस तू, आणि मान हलवलीस. मग माझ्या कानाशी आलीस. तिकीट काढलंय. अठ्ठावीस जून, शनिवार. मंडळींना कळलं तर शाल-श्रीफळ आणि भाषणांचा घाट घालतील, म्हणून कुणाला सांगायचं नाही. आईलाही नाही. भावोजींखेरीज फक्त तुला.

ताई, आयुष्यात पहिल्यांदा तुझी एक बातमी मला सगळ्यांच्या आधी कळली, आणि ती तू जाण्याची तारीख निघाली. मी तिथेच उभी राहून तुझ्यावर चिडले. अजून चिडलेलीच आहे. याहून काही बरं नव्हतं का, आधी सांगायला?

आज बुधवार. श्रीनिवासांनी फोन करून विचारलं, ताई कधी जाणार आहेत, हॉल बुक करायचाय. आईने विचारलं. मधुवंतीने दोनदा विचारलं. काल एमआरटीत ती माझ्या शेजारीच बसली होती, सेंगकांग येईपर्यंत.

मी कुणालाही सांगितलेलं नाही.

नीता